सवलतीचं तिकीट

माकोमेरच्या पुढे डांबर संपलं
तशी आईनं काच खाली केली
आणि नाकानंच वाट सांगायला लागली :
"रानबडीशेप आली, आता डावीकडे.
लेंड्यांचा वास आला, आता जरा हळू."
तूरिनहून आणलेला माझा नकाशा
मांडीवर निमूट पडून.

दोन्ही अंगांना बुचाची झाडं,
यंदाच सोललेली, लालबुंद,
प्रत्येकाच्या खोडावर पांढऱ्या रंगात
वर्षाचा आकडा,
पुन्हा कातडी कधी काढायची
ते विसरू नये म्हणून.

मग तो दिसला. नुरागे. बुरूज.
चुना नाही, माती नाही,
काळ्या दगडावर काळा दगड
नुसता वजनानं बसवलेला,
साडेतीन हजार वर्षं.
आई म्हणाली, "वाळलाय."

तारेच्या कुंपणाशी लाकडी खोपटं,
खोपट्यात बाइंझू नावाचा पोरगा,
पुरातत्त्व शिकलेला, कानात बाळी.
"मोठ्यांना सहा युरो, पासष्टच्या वर चार."
आईनं पर्स उघडलीच नाही.
"कशाचे?"
"आत जायचे."
"आतून बाहेर यायचे किती?"
तो हसला. मी पैसे दिले.
तिनं तिकिटाची बारीक घडी केली
आणि बाहीत खोवली.

दार एवढं ठेंगणं
की वाकल्याशिवाय कुणालाच आत घेत नाही;
पुढच्या उंच जर्मन जोडप्याला
तर दुमडूनच जावं लागलं.
आई मात्र सरळ गेली.
नऊ वर्षांची असताना जायची तशी,
की आता पाठच तेवढी उरलीय,
मला ठरवता आलं नाही.

आत गारवा. वर घुमट, निमुळता होत गेलेला,
पाकोळ्यांची एक ओली फडफड.
बाइंझू विजेरीनं दाखवत होता :
हा कोनाडा पहारेकऱ्याचा असावा.
हा जिना टेहळणीचा असावा.
आणि ही वरची काजळी पाहा,
बांधणाऱ्यांच्याच चुलीची असावी.
जर्मन बाईनं दगडाला बोट लावलं
आणि देवळात लावावं तसं
लगेच काढून घेतलं.

मला ठाऊक होतं, तुकड्या-तुकड्यानं.
छप्पनचा फेब्रुवारी, कुरणावर मांडीभर बर्फ,
नव्वद मेंढ्या आणि आजोबा बाकीझिओ
या बुरुजात एकवीस दिवस.
पहारेकऱ्याच्या कोनाड्यात चीजचे गड्डे,
जिन्याच्या पायरीवर आजारी कोकरू,
ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जाणारा.
आणि समोरच्या, सगळ्यात लहान कोनाड्यात
कांबळ्यात गुंडाळलेला तान्हा,
ज्याचं नाव ठेवायला
पाद्री वेळेत पोचला नाही.
विजेरीचा झोत त्या कोनाड्यावरून
न थांबता पुढे गेला.

"आजी, काही विचारायचंय?"
मला वाटलं, आता सांगेल.
आई काजळीकडे बघत होती.
"त्या लोकांनी दूध कशात तापवलं असेल?"
तो खुलला. खापरं सापडलीयत म्हणाला,
पण खात्रीनं नाही सांगता येत.
"लाकूड ओलं होतं त्यांचं," आई म्हणाली.
"कोरड्या लाकडाची काजळी अशी चिकट नसते."
त्यानं खिशातून पेन काढलं
आणि तिकिटांच्या पुस्तकामागे ते लिहून घेतलं.

बाहेर अंजिराच्या सावलीत
आम्ही पाव आणि जैतून खाल्ले.
बिया तिनं मुठीत जमवल्या,
मग कुंपणाच्या आत टाकल्या, एकेक.
एक मेंढी आली, दोघींना हुंगून गेली.
चार वाजता निघालो.

बोसापर्यंत ती गप्पच होती.
समुद्र दिसायला लागला तेव्हा म्हणाली,
"पोरगा गुणी आहे.
पण स्वेटर घालायला हवा त्यानं.
आत फार गारठा असतो."