एक नग

सहाव्या दिवशी म्वाकाटोबेने किल्ल्या माझ्या टेबलावर टाकल्या.
'दादा, आता तूच बघ.'
त्याच्या भाषेत दादा म्हणजे बहीण.
नाकोंडेच्या फाटकापाशी, पत्र्याच्या खोलीत,
मी लोकांचा माल कागदावर उतरवून देते.
प्रिंटर जुना. वीज आली की आधी खोकतो.

बीजक बरोबर होते. वजन किलोला किलो.
दार-ए-सलामला लावलेले सील शाबूत,
हमीपत्र, विमा, मूळ देशाचा दाखला,
तिसऱ्या प्रतीवरचा शिक्का फिका, पण वाचता येण्याजोगा.
घोडे अडले ते एका रकान्यात:
घंटा, एक नग, कासामाच्या चर्चसाठी.

सिलुम्बे साहेब चहासुद्धा
पावती मिळणार असल्यासारखा पितो.
म्हणाला, कोड चुकला.
तुम्ही लिहिलंय धातूची वस्तू. हे वाद्य आहे.
वाद्याचा कर वेगळा.
मी पुस्तक उघडले, त्याने उघडले,
पुस्तक एकच, पाने दोन.
मी म्हटले, वाद्यावर गाणे वाजते,
हिच्यावर फक्त वेळ वाजते.
'हे लेखी द्या.'

लेखी दिले. तीन प्रतींत.

मग तपासणीचा हुकूम निघाला.
सील तोडण्याआधी तुटणाऱ्या सीलचा नंबर लिहिला,
पेंढा उपसला,
आणि लाकडी चौकटीत ती दिसली, तेल चोपडलेली,
माहेर सुटलेली, सासर न आलेली.

'वाजवा.'

लोलक नव्हता. तो मागच्या ट्रकमध्ये, वेगळ्या पेटीत.
म्वाकाटोबेने चाकाचा पाना उचलला
आणि एकदाच मारला.

टोमॅटो तोलणारीचा हात तागडीवर राहिला.
डॉलर मोजणारा पोरगा आकडा विसरला, पुन्हा एकपासून.
टपाखाली झोपलेले ड्रायव्हर उठून बसले,
कुणीतरी टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावे.
समोरच्या रांगेत कांगोचे तांबे भरलेले ट्रक उभे होते.
मला वाटले, आत पत्रे जरासे थरथरले.
वाटले असेल नुसते.

आवाज पार विरेपर्यंत
सिलुम्बे पेन उघडे धरून थांबला.
मग लिहिले:
प्रत्यक्ष ऐकले. एकच सूर. वाद्य नव्हे.
खाली सही, तारीख, आणि शिक्का,
जो मला पहिल्यांदाच बसका वाटला.

म्वाकाटोबे किल्ल्या घेऊन गेला.
रात्री धुळीत त्याचे मागचे दिवे
बराच वेळ दिसत राहिले.

सकाळी मागचा ट्रक फाटकाशी आला.
लोलक, एक नग.
सिलुम्बेने पुस्तक उघडले.
'कशाचा सुटा भाग म्हणायचा हा?'