साचा ओला होता

दुसरी पाळी सुटून मच्छ्यात पोचलो, साडेअकरा.
कानात अजून भट्टीचा पंखा.
सुप्रिता जागी, मोबाईल तांब्याला टेकवून.
"मामा, सूर्य फुटलाय. ये, दाखवतो तुला."

रात्रीचा सूर्य.
पंधरा लाख किलोमीटरवर टांगलेल्या दुर्बिणीनं
आपल्या दुपारी काढलेला,
हिरवट, मग तांबडा, मग जुन्या पितळेचा.
रंग खोटे, म्हणाली, उजेड खरा.
तो उजेड आपल्याला दिसतच नाही,
म्हणून कपडे घातलेत त्याला.

एकतीस वर्षं निळ्या काचेतून लोखंड बघतोय मी.
ओतायचं की थांबायचं, रंगावरनं सांगतो.
गप्प बसलो.

तिनं चित्रं भराभर पळवली.
कडेला एक कमान,
चाळणीतनं वाळू पडावी तशी आग खाली गळतेय,
आणि एकदम
कमान तुटली, सगळं वर.
आपल्या दहा पृथ्व्या मावतील हिच्याखाली.

मी म्हटलं, साचा ओला होता.

हसली. "चुंबकाच्या रेषा असतात मामा,
पिळत जातात, तुटतात, दुसरीकडंच जोडतात."
असतील.
पण निंगाप्पानं त्या दिवशी वाळू नीट शेकली नव्हती.
थेंबभर पाणी, वर चौदाशे डिग्रीचा रस.
शेवटी त्यालाच कळलं, ओरडला, "सरी!"
कन्नडात सरी म्हणजे ठीक,
आणि सरी म्हणजे सरक.
मी उद्यमबागेत नवा. ठीक समजलो.
पत्र्याला भोक अजून आहे,
आणि हा अंगठा.

शेवटचं चित्र वेगळंच. मधोमध काळी तबकडी,
सूर्य मुद्दाम झाकलेला.
"मधलं झाकल्याशिवाय कड दिसत नाही," ती म्हणाली,
जांभई देत.
भाकरी चावत मी ते दोनदा मनात म्हटलं.

ढग निघालाय. तीन दिवस लागतील.
"इकडं?"
"बहुतेक बाजूनं जाईल."
बहुतेक, म्हणाली.

चौथ्या दिवशी येळ्ळूरच्या गडामागनं तो वर आला,
रोजच्यासारखा, काही न झाल्यासारखा.
दारात उभा राहून अंगठा आडवा धरला त्याच्यावर,
मेलेल्या नखाचा.
कड दिसली नाही. डोळ्यांत पाणी तेवढं आलं.

सरी, म्हटलं.
अंगठा खाली घेईपर्यंत
पहिल्या पाळीचा भोंगा झाला.