सातवं बेट

देवगड आगारात एकतीस वर्षं
बंद पडलेल्या गाड्यांखाली उताणा पडून
एक शिकलो: आवाज येतो तिथं बिघाड नसतो.
म्हणून मी आधी पानांना दोष दिला नाही.

मिठबावातल्या घराच्या दक्षिण गडग्याला
अकरा बेटं लावलेली माणग्याची,
चार-चार हातांवर, सुतळी ताणून.
पलीकडे तारकरांनी खोल्या काढल्या पाहुण्यांसाठी.
त्यांच्या बोर्डाचा निळा उजेड
रात्री आमच्या ताटात पडायचा, आमटी निळी दिसायची.

चौथ्या वर्षी वई अशी:
पहिली तीन माडाच्या झावळांना भिडलेली,
चौथं-पाचवं बरं,
सहावं खांद्याला, सातवं कमरेला,
आठवं पिवळं, खिशात धुतल्या गेलेल्या तिकिटासारखं,
मग पुन्हा चढण. अकरावं तर माजलेलं.
रस्त्यावरून बघितलं की पाठ खचलेली म्हैस.

वही काढली. रकाने आखले.
पहिल्या तिघांचं अर्ध्या तासात कळलं:
न्हाणीचं पाणी. साबणासकट ढोसत होती.
जांभ्याच्या चिपा लावून पाट सगळ्या रांगेला फिरवला.
अकराव्यामागे तारकरांचा शोषखड्डा आहे.
त्याबद्दल कुठं बोलायचं नाही, असं ठरवलं.

सहाव्यापाशी पहार घातली.
वीतभर माती, मग ठण्ण. कातळ.
टाकीच नाही, तर डिझेल साठणार कुठं?
बाजूनं आळं उचललं, पालापाचोळा, शेण,
तळीतला गाळ सात पाट्या.

सावली मोजली, दर तासाला खुंटी ठोकून.
खारा वारा मोजला नाही.
तो सगळ्यांनाच सारखा लागतो.

धाकू घाडी सुपं विकायला आला, उभ्या उभ्या म्हणाला,
"काठी वाढणा नाय, भाऊ. कोंब वाढता.
एका पावसात काय ती उंची,
मगे जलमभर नुसती घट होता.
गेल्या वर्षाचा बघीत ऱ्हवा नको."

मग श्रावणात, बॅटरी घेऊन, गुडघ्यांवर.
सहाव्याला तीन कोंब, मनगटाएवढे.
आठव्याला एक, मरतुकडा.
सातव्याला
नऊ छाटलेले बुंधे.
साळिंदर असतं तर चोथा पडला असता,
डुकरानं सगळं बेटच उलथलं असतं.
हा काप तिरपा, स्वच्छ,
धार लावलेल्या कोयतीचा. ती कोयती
मीच लावून देतो दर महिन्याला.

दुपारी ताटात भाजी. काळे वाटाणे, वर खोबरं.
"कसली?"
"कोंबाची. वर्सान वर्स खातास ती."
रात्रभर पाण्यात ठेवायची, कडू जायला,
मोरीत ते पातेलं मी कितीदा ओलांडलंय.
चार वर्षं
मी माझाच आडोसा खात होतो,
वर मागूनही घेत होतो.

"पण सातवंच का?"
"थंयसरच हात पोचता," प्रमिला म्हणाली
आणि ताक वाढलं.

संध्याकाळी मागल्या दाराशी उभा राहिलो,
ती जिथं उभी राहून भांडी विसळते तिथं.
सातव्याच्या डोक्यावरून
तारकरांची सून गडग्यावर हात टेकून काही सांगत होती,
हळू, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये असं.
जाताना झाकलेली वाटी ठेवून गेली.
वाटी आमची होती.
गणपतीपासून मी ती शोधत होतो.

वहीत लिहिलं:
सहावं. टाकी मोठी केली. पुढल्या पावसात बघणे.
सातवं. बिघाड नाही. चालू स्थितीत.
आठवं.

आठव्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.
पाणी तेच, ऊन तेच, माती हातभर खोल,
कोयती तिथवर गेलेली नाही, विचारून घेतलं.
रोज सकाळी चहा घेऊन जातो,
कोंबाशेजारी हिराची काडी रोवलीय, खूण करून.
परवा होता तेवढाच आहे.
काल कान लावून बघितला.