सुकतीच्या वेळा

आजीच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला
अजून टांगलंय मच्छीमार संघाचं कॅलेंडर.
दर तारखेखाली दोन भरत्या, दोन सुकत्या,
आणि उधाणाच्या दिवसांभोवती
तिच्या पेन्सिलीची वेडीवाकडी वर्तुळं.
ती गेली मार्चच्या नऊ तारखेला.
वर्तुळं डिसेंबरपर्यंत आहेत.

मामी म्हणाली, काढून टाक ते आता.
मी खिळ्यापर्यंत हात नेला
आणि उगाच भिंतीवरची धूळ पुसली.

गालिसियातल्या आमच्या खाडीत
पाणी हटलं की बायका चिखलात उतरतात,
कमरेपर्यंत रबरी बूट, दंताळं, बादली.
ओब्दुलिया आजी एकेचाळीस वर्षं उतरली.
परवाने नव्हते तेव्हा रात्रीसुद्धा, कंदील घेऊन,
म्हणून गावानं तिला नाव ठेवलं कुरूशा, घुबड.
तिला ते मुळीच आवडायचं नाही.
आणि आता दिव्याच्या खांबांवर, बेकरीच्या दारावर
चिकटवलेल्या निधनाच्या कागदांत
तिच्या नावाखाली ठळक अक्षरांत तेच,
नाहीतर कोण गेलं हे कुणाला कळणार?
एका खांबावरचं मी नखानं खरवडलं.
एकाच.

तिसऱ्या तिनं जन्मात खाल्ल्या नाहीत.
"ज्यांच्यापायी कंबर मोडली
त्यांचं तोंड ताटात कशाला बघू?
मला अंडं तळ, ब्रेइशो. कडा कुरकुरीत कर."
मी कडा जाळायचो. ती खायची.

दर मार्चअखेर तिचं सरकारशी भांडण.
घड्याळ एक तास पुढं करा म्हणे!
"माद्रिदहून हुकूम सोडता,
मग चंद्रालाही कळवा एकदा."
यंदा घड्याळ पुढं करायला कुणी नव्हतं.
तिच्या भिंतीवर अजून हिवाळ्याची वेळ आहे,
आणि गंमत अशी की कॅलेंडरातल्या सुकत्यांशी
तीच जुळते.

अंत्यविधी पाद्रीबाबांनी सकाळी दहाला ठेवला.
दहाला पाणी सर्वांत खाली होतं,
महिन्यातली सर्वांत चांगली सुकती.
बत्तीस बायकांनी दिवसाची कमाई सोडली
आणि चर्चच्या मागच्या बाकांवर येऊन बसल्या,
इस्त्रीच्या काळ्या कपड्यांत,
हात कुठे ठेवावेत हे न कळून.
दारातून दिसत होती रिकामी खाडी,
कुणी न खणलेली, लखलखीत.
बाहेर पडताना दोसिंदा माझ्या कानाशी म्हणाली,
"शिव्या घातल्या असत्या तिनं आम्हाला."

एप्रिलमध्ये तिच्या एप्रनच्या खिशात
माप सापडलं, लोखंडी पट्टी, मधे भोक.
भोकातून निसटेल ती तिसरी लहान,
ती परत पाण्यात.
लहानपणी मी त्यात बोटं घालायचो, एकेक.
"तू अजून निसटतोस," ती म्हणायची,
"जा, वाढून ये."
मी विगोला गेलो. नोकरी, फ्लॅट, गाडीचे हप्ते.
शेवटच्या दोन वर्षांत कितीदा आलो
ते सांगायला एका हाताची बोटं पुरतात.
अंगठा उरतो.

काल वर्तुळाचा दिवस होता.
तिचे बूट मला होत नाहीत,
पँट दुमडून अनवाणी उतरलो.
परवाना नाही, त्यामुळे काही काढलं नाही.
नुसता उभा राहिलो,
तळव्याखाली काहीतरी कठीण, जिवंत,
मला चुकवून खाली खाली जाताना.
दोसिंदानं लांबून ओरडून विचारलं, काय हरवलं रे?
पाणी घोट्याला लागलं तरी
मला उत्तर सुचलं नव्हतं.

घरी येऊन अंडं तळलं. कडा जळल्या.
पुढचं वर्तुळ अठरा तारखेला आहे.
ऑफिसात रजेचा अर्ज टाकलाय,
कारणाच्या रकान्यात लिहिलंय, सुकती.