किलोमीटर दोनशे एक्क्याण्णव

गाडी महिन्यातून एका मंगळवारी येते
आणि वाळू रोज.

एवढंच सांगितलं होतं मुकादमानं
हातात फावडं देताना, सत्तावीस वर्षांपूर्वी.
बाकीचं वाऱ्यानं शिकवलं:
दक्षिणेचा आला तर रुळाची डावी बाजू आधी,
पूर्वेचा आला तर डोळे मिटून घरीच बस,
उद्या सगळंच उकरायचंय.

पहाटे मी आणि शिकोंगो कंदील घेऊन निघतो.
वाळू गार असते, शिळ्या भाकरीसारखी,
रात्रीचं वर्तमान तिच्यावर उमटलेलं:
इथून तरस गेलं, मागचा डावा पाय जरा ओढत.
इथं गेम्सबॉक थबकला. इथं मुतला.
भुंगेऱ्याच्या पावलांची बारीक शिवण
टेकाडावर चढते, मध्येच संपते,
पुढं फक्त पंखाचा एक फटकारा.
मग आम्ही फावडं घालतो
आणि सगळं पुसून टाकतो.

रूळ लागला की खण्णकन वाजतं.
आजोबांच्या वडिलांनी हाच आवाज ऐकला असेल,
साखळीत असताना.
त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.
फक्त स्लीपरवर बसून कुणी जेवत नाही.

रोस्विता गाडीत जेवणाच्या डब्यात वाढते.
तिथं म्हणे एका माणसाला चार पेले लागतात
आणि माशाची सुरी वेगळी.
या वळणावर गाडी बैलाच्या चालीनं जाते,
ती उजवीकडच्या खिडकीत उभी राहून
रुमालाची घडी करते, उलगडते, परत घडी करते.
माझे अकरा आकडे मोजून होतात. मग शेवटचा डबा.
शिकोंगो तेवढ्यापुरता पाठ फिरवून
बुटातली वाळू झाडतो.

पण या मंगळवारी, आमचं साफ करून झाल्यावर,
पूर्वेचा सुटला
आणि गाडी थांबली.

पायऱ्या लागल्या. पाहुणे उतरले
टोप्या सावरत, नव्या खाकीवर दुकानातल्या घड्या तशाच.
एतोशात त्यांना सिंह दिसायचेत, आठवड्याभरानं;
तोवर आम्ही होतो.
एका म्हातारीनं विचारलं, ही वाळू टाकता कुठं?
पलीकडे, मी म्हटलं.
आणि वारा फिरला की?
मग अलीकडे.
ती हसली नाही. फावड्याच्या दांड्यावरच्या
माझ्या बोटांकडे पाहत राहिली.
तिच्या नवऱ्यानं फोटो काढला.
मी फावडं जरा उंच धरलं,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

तेव्हा ती आली. हातात चांदीचं तबक,
तबकात गार, ओल्या टॉवेलांच्या गुंडाळ्या,
पांढरे हातमोजे, केस घट्ट आवळलेले, आईसारखे.
ओळीनं देत आली: मॅडम. सर. मॅडम.
ओळीच्या शेवटी मी होतो की नव्हतो, ठाऊक नाही.
तबक माझ्यासमोर थांबलं.
"सर," ती म्हणाली.
आणि मग हळूच, आमच्या बोलीत,
जीभ टाळूला टचकन लावत,
"पाठ कशी आहे?"
"आहे," मी म्हटलं.

शिकोंगोनं एक घेतला, तोंड पुसलं, मान पुसली,
काखासुद्धा; पाहुणे हसले, तोही हसला.
मला पुसता आलं नाही.
हात इतके मळलेले
की कुठून सुरुवात करावी ते सुचेना.
तबकात परत ठेवला, तसाच, गुंडाळलेला.
तिच्या कपाळावर आठी आली. तीही आईचीच.

अडीच तासांनी शिट्टी झाली.
चाकं फिरली तशी रुळावरून वाळू ओघळली,
पिठाच्या पोत्याला भोक पडावं तशी.
मी उजवीकडची खिडकी शोधली.
पडदा ओढलेला होता. उन्हासाठी असेल.
अकरापर्यंत मोजलं तरीही.

नंतर शिकोंगो म्हणाला, लिंबाचा वास होता.
कशाला?
टॉवेलला.

मी फावडं उचललं.
दोन रुळांच्या मध्ये एक नवी शिवण निघाली होती,
भुंगेरा, एवढासा, भर उन्हात,
घाईघाईनं पलीकडे.
थांब जरा, मी शिकोंगोला म्हटलं,
जाऊ दे त्याला आधी.