छाट

सतराव्या ओळीत काही नाही.
मार्गदर्शक म्हणाले, रिकामी ओळ बरी दिसत नाही, खालचे आकडे वर सरकवा.
मी सरकवले नाहीत.

नरसव्वा येमूल. वय त्रेपन्न. विडी घरकुल.
लकवा, उजवी बाजू, चार महिने झालेले.
बंद पाकिटातून निघालं: गट अ.
म्हणजे साधा व्यायाम. म्हणजे आरसा नाही.
आरसा गट ब ला.
चांगला हात आरशापुढे हलवायचा,
मागे लपवलेला हात मेंदूला हलताना दिसतो,
हळूहळू तो खरंच हलू लागतो,
असं आम्ही मांडलं होतं. सिद्ध व्हायचं होतं.

सोलापूर मार्चमध्येच तापतं.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत पंखा होता,
पण चाचणीच्या वेळी मी तो बंद करायचे,
नोंदीचे कागद उडतात म्हणून.
नऊ भोकं, नऊ खुंट्या, माझ्या हातात स्टॉपवॉच.
ती तेलुगूत मोजायची. ओकटी, रेंडू,
मूडूला खुंटी घरंगळायची फरशीवर
आणि आम्ही दोघी वाकायचो. ती आधी.
"दिवसाला हजार इड्या, तहसीन म्याडम.
ह्याच बोटांनी."
मी लिहायचे: पूर्ण करू शकली नाही.

पाचव्या आठवड्यात पकड मोजताना काटा
दोनवरून सहावर गेला.
यंत्र ठोकून पाहिलं. शून्यावर आणलं. परत दिलं.
सहा.
घरी काय करता?
ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.
उजव्या हाताने.
मग म्हणाली,
"भाईर बाकावर ते शेरला मामा बसतेत, मंगळवारचे.
त्यांनी सांगितलं, आत आरसा देतेत म्हणून.
माझ्या घरी बी हाय की आरसा,
कपाटाचं दार मोडलं तवाचा.
सुनेच्या टिकल्या तेवढ्या चिकटल्यात त्याला.
सूप घेतलं मांडीवर,
डाव्यानं पान गुंडाळत बसले, बगत बगत.
आरशातला हात आधी शिकला.
मग ह्याला लाज वाटली."

मला आनंद झाला.
त्याच्या आधी घाम फुटला, हेही लिहायला हवं.
अ मध्ये ब शिरला होता.
प्रबंधाच्या भाषेत ह्याला दूषित म्हणतात.

तिला सांगणं भाग होतं.
संमतीपत्रावर तिचा अंगठा होता,
डावा, कारण उजवा तेव्हा उठत नव्हता.
म्हटलं, तुमचे आकडे आता धरता येणार नाहीत.
वाटलं, चिडेल.

"छाट काढली म्हणा की.
कारखान्यात चेकर काढतो तशी.
पान फाटलं, तोंड नीट मुडपलं नाय, टाक बाजूला.
पैसे नाय त्याचे. तीस वर्सं बगितलं."
दाराशी चप्पल घालायला वेळ लागत होता तिला,
उजव्या पायाचा अंगठा अजून पट्टा शोधतो.
"पन छाटातली इडी बी पेटती, म्याडम.
तो चेकरच वढायचा."

निष्कर्ष लिहून झाले.
दोन गटांतला फरक लक्षणीय नाही.
तळटीप: एक सहभागी वगळण्यात आली.
मार्गदर्शकांनी 'आली'चं 'आला' केलं,
मी पुन्हा 'आली' केलं.

गुरुवारी ती अजून येते. नोंद होत नाही.
तिला चहा चालत नाही, मला तिच्या तंबाखूचा वास चालतो,
असं आमचं जमलंय.
एप्रिलपासून पेटीत आठच खुंट्या होत्या.
नववी काल तिला बाकाखाली दिसली.
भिंतीला धरून वाकली, चिमटीत धरली,
फुंकर मारून धूळ उडवली,
आणि माझ्यापुढे केली.
स्टॉपवॉच टेबलावर होतं.
पंखा चालू होता.