एक पाय जमिनीवर

चालण्याच्या शर्यतीत नियम दोनच.
एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा,
आणि पुढे पडणारा पाय गुडघ्यात ताठ.
तिसरा नियम आम्हा पंचांसाठी:
कॅमेऱ्याला काय दिसलं ते विचारायचं नाही,
उघड्या डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं.

मी कुल्डिगाच्या शाळेत भूगोल शिकवायचो
आणि रविवारी पंच व्हायचो.
हातात पिवळी चकती, खिशात लाल कार्डं.
चकतीच्या एका बाजूला नागमोडी रेघ: दोन्ही पाय उचलले.
दुसऱ्या बाजूला कोन: गुडघा वाकला.
बायको म्हणायची, लोकांच्या चालीवर नजर ठेवायचा
पगार तरी मिळतो का तुला?

व्हिज्मा स्ट्राउटमाने तेव्हा बावीस वर्षांची.
ऑलिंपिकच्या निवडीची शर्यत, शेवटची फेरी,
बेकरीजवळचं वळण, राईच्या पावाचा वास.
फलकावर तिच्या नावापुढे दोन लाल ठिपके.
तिसरा माझा झाला असता.
ती वळणावर आली
आणि मला तिच्या दोन्ही बुटांखाली दिसला
बोटभर उजेड.

चकती मांडीला चिकटून राहिली.
मी बेकरीच्या धुराड्याकडे बघितलं.
वर करकोचा उभा होता,
एका पायावर, अगदी नियमाप्रमाणे.

पुढे तिनं कांस्यपदक आणलं.
शाळेत फोटो लागला. पोरं महिनाभर
कंबर हलवत वर्गात यायची.
मग एक पक्ष तिच्या दारात आला, मग निवडणूक,
पोस्टरवर तिचे झिजलेले बूट आणि खाली मोठ्या अक्षरांत:
हिचे पाय जमिनीवर आहेत.
पोस्ट ऑफिसला मी तेव्हा
नदीकडून वळसा घालून जायचो.

ती दोनदा निवडून आली. तिसऱ्यांदाही.

या वर्षी आमच्याकडचं प्रसूतिगृह बंद करायचा ठराव आला.
तिचा जन्म तिथला. माझ्या दोन्ही मुलींचाही.
मार्चमध्ये बाजारात, कोबीच्या ढिगाशेजारी उभी राहून
ती म्हणाली होती: मी आहे तोवर नाही.
म्हणून मी पहाटेच्या बसनं रीगाला गेलो.
संसदेच्या दारात रक्षकानं पिशवी उघडली,
चकती उलटसुलट करून पाहिली.
टेबल टेनिस का, आजोबा?
हो, म्हटलं.

वरच्या सज्जातून सगळ्यांची डोकी दिसतात,
पाय कुणाचेच दिसत नाहीत.
बटणं तीन. बाजूनं. विरोधात. तटस्थ.
ती बोलायला उठली नाही. पाणी प्यायली.
पेल्याखाली कागद सरकवला, परत काढला.
मग फलक उजळला, आणि तिच्या नावापुढे
तिसरा शब्द.
ठराव दोन मतांनी पास.

तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला.
पण काठाला तरी जमीन असते.
खाली कॅमेरे होते आठ-दहा.
त्यांना काही वावगं दिसलं नाही.

बाहेर दगडी गल्लीत ती एकटीच येताना भेटली.
डावा खुबा धरतो आता तिचा.
थांबली. बेकरीजवळचे ना तुम्ही, म्हणाली.
मी पिशवीत हात घातला.
चकती बोटांना लागली,
कुठली बाजू वर आहे ते कळेना.
तुम्हाला त्या दिवशी दिसलं होतं.
विचारलं नाही तिनं, सांगितलं.
मग गाडीचं दार उघडताना, मागे न बघता:
तुम्ही कुठलं बटण दाबलं होतं?

सव्वासहाची बस. खिडकीवर बर्चची झाडं घासत होती.
शेजारी एक पोटुशी मुलगी येऊन बसली,
दिवस भरत आलेले, घोटे सुजलेले.
बूट काढून म्हणाली,
तुमच्या पिशवीवर पाय ठेवले तर चालेल?
ठेव, म्हटलं.
आत काही मोडण्यासारखं नाही.